आधी कोठी, मग दालन

१८६५ साली भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे एक अधिकारी, ए. बी. वाइन, पैठणच्या पैलतीरी असलेल्या मुंगी गावानजीक गोदावरीच्या दरडींची पाहणी करीत होते. ज्या थरात केव्हाच नामशेष झालेल्या जनावरांच्या अश्मीभूत अस्थी सापडत होत्या, त्याच थरात त्यांना मानवी हाताने उडविलेला अकीकाचा एक छिलका मिळाला. आणि ज्या काळी हिंदुस्थानातील मनुष्याचे प्राचीनत्व हाच मुळी वादाचा विषय होता, त्या काळी या लहानशा दगडाची वार्ता कलकत्त्याच्या कचेरीतून विद्वानांच्या जगात पोहोचली. मुंगीहून प्रवाहाबरोबर थोडे खाली उतरले की बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्याची गंगथडी लागते. तेथल्या दरडीही त्याच नदीने रचलेल्या आहेत. परंतु विहीर खणताना एखाद्या शेतकऱ्याला दगड झालेले हाड सापडले, तर ते कोणाकडे न्यावे, याचे उत्तर त्याला आजही चटकन देता येणार नाही.

मराठवाड्याची व एकंदर महाराष्ट्राची ही जुनीच रीत आहे. सिरोंच्याच्या परिसरात मिळालेला बारापासॉरस हा प्रचंड सरीसृप कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत उभा आहे. १९३१-३२ मध्ये सलीम अली यांनी, बीड ज्या संस्थानात होते त्या निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली, ती मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आश्रयाने, आणि तिचा वृत्तान्तही त्याच संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत वाढलेले जे स्फटिक आपण सरसकट गारगोटी म्हणून बांधावर फेकून देतो, ते युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांतून काचेआड मानाने मांडलेले असतात. यात कोणी आपली लूट केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांच्यापाशी ठेवावयास जागा आणि जपावयास माणूस होता, त्यांच्याकडे वस्तू गेल्या, एवढाच याचा अर्थ.

म्हणून विद्यापीठाच्या आश्रयाखाली, मराठवाड्यासाठी आणि विशेषतः बालाघाटाच्या या मुलखासाठी, एक निसर्गेतिहास संग्रहालय असावे हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या आणि आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, आणि त्याच विभागातील प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांनी १९९८ साली मराठवाड्याच्या वनस्पतींविषयी दोन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तेव्हा पाया अगदीच नाही असे नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्यापुढचा, म्हणजे वास्तूचा आहे. अशी इमारत योजावयाची झाल्यास विचाराला प्रारंभ कोठून करावा?

आपल्याकडे तो बहुधा कोनशिलेपासून होतो. आधी जागा मुक्रर होते, मग दर्शनी भागाचे रंगीत चित्र वर्तमानपत्रांत झळकते, मग निविदा निघतात, इमारत उभी राहते, आणि उद्घाटनाला दोन महिने उरले असता आत काय ठेवावयाचे याची धावपळ सुरू होते. या धावपळीतूनच प्लास्टरचा डायनासोर आणि पेंढा भरलेला, एक डोळा निखळलेला मोर यांचा जन्म होतो. मोराचा उल्लेख मी मुद्दाम केला. कारण ज्या बीड जिल्ह्यात नायगाव येथे १९९४ पासून खास मोरांसाठी अभयारण्य आहे, तेथे काचेआड मोर पाहावयास कोणी का यावे, हा प्रश्न योजकाने स्वतःला पहिल्याच दिवशी विचारला पाहिजे.

मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचा इतिहास नेमका याच्या उलट क्रमाने घडला आहे. १८८३ च्या सप्टेंबरमध्ये आठ गृहस्थ एकत्र आले, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. प्रारंभीच्या बैठका भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात झाल्या. पुढे फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याने फोर्ट भागातील आपल्या पेढीत एक खोली दिली आणि संग्रह तेथे वाढू लागला. जॉर्ज विटेट यांनी योजलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला १९०५ साली बसली, महायुद्धात ती इमारत लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली, १९२२ साली संग्रहालय लोकांसाठी उघडले, आणि त्यात निसर्गेतिहासाचे दालन सोसायटीच्याच नमुन्यांतून, तिचे संग्रहपाल प्रेटर यांच्या देखरेखीखाली उभे राहिले. सोसायटीची स्वतःची इमारत, हॉर्नबिल हाउस, व्हावयास १९६५ साल उजाडले. ब्याऐंशी वर्षे संग्रह आधी होता आणि घर मागाहून आले. शिवाय दालन एका वास्तूत व अभ्यासाचा संग्रह शेजारच्या दुसऱ्या वास्तूत, ही जी विभागणी तेथे कालगतीने घडून आली, ती आज कोणताही जाणता योजक बुद्ध्याच करील.

याचे कारण असे की निसर्गेतिहास संग्रहालयाचा जो भाग प्रेक्षक पाहतो, तो त्याचा अल्पांश असतो. लंडनच्या संग्रहालयात सुमारे आठ कोटी नमुने आहेत. त्यांपैकी दालनांत मांडलेले फारच थोडे, बाकीचे कपाटांत, खणांत आणि बरण्यांत. तेथेही दक्षिण केन्सिंग्टनची १८८१ ची भव्य वास्तू अपुरी व गैरसोयीची ठरल्याने रेडिंग विद्यापीठाच्या परिसरात कोट्यवधी नमुन्यांसाठी नवे केंद्र उभारण्याचे काम हाती घेतले आहे. तेव्हा नकाशावर पहिली रेघ ओढावयाची ती कोठीची. दालन पाच वर्षे उशिरा झाले तरी काही बिघडत नाही. कोठी चुकली तर दहा वर्षांत दालनात मांडण्यासारखे काही उरत नाही.

कोठीत काय असते ते जरा जवळून पाहू. सुमारे साडेसोळा इंच लांब व साडेअकरा इंच रुंद अशा जाड कागदावर एक वाळलेली फांदी शिवलेली किंवा चिकटवलेली असते: पाने, एक-दोन फुले, शक्य तर फळ. उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी. वनस्पतीचे नाव, गाव, तालुका, जमीन कशी होती, फुलाचा रंग कोणता होता (कारण वाळल्यावर तो राहत नाही), तारीख, आणि गोळा करणाऱ्याचे नाव व क्रमांक. एवढा मजकूर असला की तो कागद शंभर वर्षांनीही साक्ष देतो. धारूरच्या डोंगरात अमुक साली अमुक गवत होते, आज नाही, हे सिद्ध करावयाचे तर दुसरा पुरावा कोठून आणणार? चिठ्ठी हरवलेला नमुना मात्र सातबाऱ्यावर नाव नसलेल्या जमिनीसारखा असतो. वस्तू डोळ्यांसमोर आहे, पण तिच्या आधारे कोणताही दावा करता येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा तालुक्याच्या गावी एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत डोकवावे, तर वरच्या फळीवर फॉर्मॅलिन पिवळे पडलेल्या, झाकण गंजलेल्या बरण्यांची रांग दिसते. साप आहे, पाल आहे, विंचू आहे. चिठ्ठी गळून पडली आहे किंवा शाई उतरली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदनाचा पाठ अभ्यासक्रमांतून मागे घेतल्यापासून त्या बरण्यांकडे पाहणारेही कमी झाले.

जुन्या नमुन्यांत आणखी एक धोका दडलेला असतो. कातड्यांना कीड लागू नये म्हणून पूर्वी सोमलमिश्रित साबण चोळीत, आणि वनस्पतींचे कागद रसकापराच्या द्रावणात बुडवीत. कसर आणि भुंगेरे दूर राहिले खरे, पण ते विष अद्याप तेथेच आहे. नव्या कोठीत म्हणून हातमोजे, हवा खेचून घेणारे टेबल आणि धुण्याची जागा लागते. आणि नव्याने आलेला प्रत्येक नमुना आत जाण्यापूर्वी काही दिवस अतिशीत पेटीत ठेवून किडीची अंडी मारावी लागतात. याचा अर्थ इमारतीला एक मागचे दार, त्या दाराला लागून एक विलगीकरणाची खोली, आणि तेथून कोठीकडे एकच वाट. नकाशावर ही खोली दिसत नसेल तर तो नकाशा संग्रहालयाचा नाही असे खुशाल समजावे.

बरण्यांतील नमुने साधारणतः सत्तर टक्के मद्यार्कात ठेवतात. शेकडो लिटर मद्यार्क बाळगावयाचा म्हटल्यावर १९४९ चा दारूबंदी कायदा आणि उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आलाच. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाने सापाच्या बरणीसाठी त्या खात्याच्या पायऱ्या झिजवाव्यात, हे दृश्य फिप्सनसाहेबांना मोठे गमतीचे वाटले असते. परवान्याहून मोठी चिंता अग्नीची. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय १९७८ पासून एका व्यापारी संघटनेच्या इमारतीत वसलेले होते. २६ एप्रिल २०१६ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली आणि सकाळपर्यंत त्याचे भस्म झाले. रिओ द जानेरोच्या विद्यापीठाकडे असलेले ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय तर १८१८ सालचे, सुमारे दोन कोटी वस्तूंचे. २०१८ साली, म्हणजे द्विशताब्दीच्या वर्षीच, २ सप्टेंबरच्या रात्री ते जुन्या राजवाड्यासह जळाले, आणि बंब धावून आले तेव्हा जवळच्या नळांना पाणी नव्हते. पाच टनांहून अधिक वजनाची लोहमय उल्का तेवढी दाराशी जशीच्या तशी राहिली. परंतु त्या संग्रहालयाच्या वनस्पतींचा संग्रह आणि पृष्ठवंशीय प्राण्यांचा मोठा भाग बचावला, कारण तो त्याच आवारातील निराळ्या इमारतीत होता. मद्यार्काची कोठी मुख्य वास्तूपासून अलग, एकमजली आणि अग्निरोधक भिंतींची असावी, हा धडा यातून घ्यावयाचा. आणि बीड जिल्ह्यात, जेथे मे महिन्यात माणसांसाठी टँकर येतात, तेथे आग विझविण्यासाठी राखून ठेवलेली पाण्याची टाकी उन्हाळ्यात कोणी रिकामी करणार नाही, याचा बंदोबस्त आधीच करावा लागेल.

जमिनीचा विचारही याच वेळी व्हावा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि चैत्र-वैशाखात हात शिरेल एवढ्या भेगा देते. तिच्यावर उथळ पाया घेतलेल्या इमारतींच्या भिंती तिरप्या चिरतात, हे गंगथडीतील कोणत्याही गवंड्याला ठाऊक आहे. पाया मुरमापर्यंत, आणि जमल्यास पाषाणापर्यंत नेलाच पाहिजे, कारण पुस्तकांनी व दगडांनी भरलेल्या सरकत्या कपाटांचे वजन राहत्या घराच्या कितीतरी पट असते. उन्हापासून बचाव म्हणून कोठी तळघरात न्यावी असे कोणाच्याही मनात येईल. पण १९८९ साली बिंदुसरेला आलेला पूर बीड शहराने पाहिलेला आहे, आणि नदीकाठच्या गावात तळघर म्हणजे पावसाळ्याला दिलेले आमंत्रण. बालाघाटावर, अंबाजोगाईच्या बाजूला उंच मुरमाड माळ मिळाल्यास पुराचा आणि काळ्या मातीचा असे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. माझे मत विचाराल तर त्याच बाजूला झुकते. तेथे तिसरा प्रश्न भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे घडले ते या मुलखापासून दूर नव्हते. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचे ओझे, यांनी त्या रात्री हजारो माणसे गाडली. जाड दगडी भिंतीची उष्णता अडविण्याची शक्ती घ्यावी, मात्र तिला काँक्रीटच्या पट्ट्यांनी बांधून घ्यावे, आणि कपाटे भिंतीला व जमिनीला खिळवावीत. एका हादऱ्याने हजार बरण्या फुटणे म्हणजे आगीला सरपण.

हवामान बीडचे कोरडे आहे, आणि संग्रहाला कोरडेपणा मानवतो, असे वाटते. ते अर्धेच खरे. वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. म्हणजे मे महिन्यात हवा कडकडीत आणि ऑगस्टमध्ये दमट. वाळलेल्या कातड्याचा व लाकडाचा खरा शत्रू हा चढउतार होय. बाहेर काहीही होवो, कोठीतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली पाहिजे, आणि वीज गेल्यावरही काही तास ती तशीच राहिली पाहिजे. केवळ यंत्रावर विसंबलेली काचेची इमारत येथे निरुपयोगी. दुहेरी भिंत, मधे हवेचा पट्टा, पश्चिमेला व्हरांडा, कोठीला खिडकी मुळीच नाही, आणि दालनात प्रकाश घ्यावयाचा तो उत्तरेकडून. पिसे व फुलपाखरे यांवर पन्नास लक्सहून अधिक उजेड सतत पडू लागला की रंग उडतात. तेव्हा झगझगाटाची हौस आवरती घ्यावी.

दालनाविषयी मला थोडेच सांगावयाचे आहे, आणि ते ऑक्सफर्डच्या उदाहरणाने सांगता येईल. तेथील विद्यापीठाचे संग्रहालय १८५५ ते १८६० या काळात डीन आणि वुडवर्ड यांच्या आराखड्याप्रमाणे बांधले गेले. लोखंड व काचेचे छत प्रथम जसे योजले होते तसे टिकेना, ते उतरवून नव्याने करावे लागले. पैसा संपला म्हणून कोरीवकाम आजही अपुरे आहे. पण सज्जाभोवतीचा प्रत्येक स्तंभ ब्रिटिश बेटांतील निरनिराळ्या दगडाचा घेऊन त्यावर त्याचे नाव कोरले, त्यामुळे आत पाऊल ठेवणारा विद्यार्थी एकही कपाट न उघडता भूशास्त्राचा पहिला धडा शिकतो. आपल्याला हे सहज करता येईल. जमिनीला शहाबादी फरशी, जी मराठवाड्याच्या घराघरात आहे आणि जी दख्खनच्या लाव्ह्याहून कोट्यवधी वर्षांनी जुनी आहे. खांब सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या बसाल्टचे. दोन लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडणाऱ्या तांबड्या मातीचा एक पट्टा. आणि एका भिंतीत, सौताड्याच्या धबधब्याला दिसतात तसे, थरावर थर. सीताफळाचे झाड अंगणात लावावे आणि खाली लिहावे की बालाघाटाची ओळख झालेले हे फळ मूळचे अमेरिकेचे. काळवीट, लांडगा, खोकड हे ज्या गवताळ माळावर जगतात त्या माळाला सरकारी दप्तरांत पडीक म्हणतात, हेही एका फलकावर यावे. मेलेले प्राणी मिळविण्याच्या खटपटीत न पडता जिवंत माळाचा एक तुकडा आवारात राखला, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालील परवानग्यांचा बराच ताप वाचेल.

नवी जात शोधली गेल्यास तिचा नमुना २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये सरकारने नेमलेल्या भांडारातच द्यावा लागतो, तेव्हा प्रत्येक अपूर्व वस्तू आपल्याच कपाटात राहील असा हट्ट कोणी धरू नये. जिल्ह्याच्या संग्रहालयाचे काम साध्या, नेहमीच्या वस्तूंची वर्षानुवर्षे नोंद ठेवणे हे आहे, आणि ते काम दूरच्या मोठ्या संस्था आपल्यासाठी करणार नाहीत. त्यासाठी माणूस लागतो. इमारतीला एकरकमी अनुदान मिळू शकते. संग्रहपालाचा, मदतनिसाचा आणि रात्रीच्या पहारेकऱ्याचा पगार दरसाल लागतो, आणि अंदाजपत्रकात त्याला सहसा शेवटचे स्थान मिळते. ही पदे मंजूर झाल्यावाचून पायाचा दगड बसवू नये, असा ठराव विद्यापीठाच्या अधिसभेने करावा असे मी सुचवीन, मग इमारत दहा वर्षे लांबणीवर पडली तरी हरकत नाही.

तोवर हाती घेण्याजोगे काम आहे. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, आष्टी येथील महाविद्यालयांच्या वनस्पती, प्राणी आणि भूगोल विभागांनी आपापल्या कपाटांतील प्रत्येक नमुना काय आहे, कोठून आला व केव्हा आला, याची एक नोंदवही करावी; ज्याची माहिती उरलेली नाही त्यापुढे तसे स्पष्ट लिहावे; आणि ज्या निवृत्त प्राध्यापकांनी ते नमुने गोळा केले, त्यांपैकी जे हयात आहेत त्यांना घरी जाऊन विचारावे, कारण ही माहिती दुसरीकडे कोठेही मिळणार नाही. कोठीला किती खण, किती बरण्या, किती चौरस फूट लागतील हे त्या याद्यांवरूनच ठरेल. येत्या शैक्षणिक वर्षाअखेर त्या विद्यापीठाकडे जाव्यात, एवढी विनंती जिल्ह्यातील प्राध्यापकमंडळींना आहे.